थोरलीची नऊ कॉलेजं

७ नोव्हेंबर

थोरलीने आज यादी आणून दिली. नऊ नावं मागितली होती, तिने चार लिहिली. चारही बसच्या टप्प्यातली. शेवटच्या थांब्यापलीकडचं एकही नाही.

शाळेतल्या बाईंनी पालकसभेत किती नीट समजावलं होतं. (मी इथली मावशी; पालक म्हणून मीच जाते. बालगृहातल्या प्रत्येक मुलीसाठी, तेरा वर्षं झाली.) तीन कॉलेजं उडी मारून गाठायची, तीन हात लांब केला की मिळतील अशी, आणि तीन बसल्या जागची. म्हणजे वरची हुकली तरी मूल रस्त्यावर येत नाही. बाकीच्या पालकांनी माना डोलावल्या. त्यांच्यासाठी ‘रस्त्यावर’ म्हणजे नुसता बोलण्याचा भाग. आमच्याकडे तसं नाही. २ जूनला थोरलीला अठरा पूर्ण. त्यानंतर तीस दिवसांत खाट रिकामी करायची — नियम आहे. हॉस्टेलवालं कॉलेज मिळालं तर ठीक. नाहीतर बॅग घेऊन फाटकाबाहेर.

म्हटलं, “ही चारही बसल्या जागची आहेत. ब्याऐंशी टक्केवाल्या मुलीची यादी आहे का ही?”

“मला लांब जायचं नाही.”

“का?”

कारण मला माहीत आहे. कारण खालच्या मजल्यावर झोपतं, खिडकीपासून सहावी खाट. वय आठ. समोरचे दोन दात नुकतेच आलेत.

९ नोव्हेंबर

चारातली तीन कॉलेजं नुसती कॉमर्सची. हिला कॉमर्स कशाशी खातात ते ठाऊक नाही!

हिला काय हवंय ते सगळ्या घराला माहीत आहे. महिन्याच्या पहिल्या शनिवारी पायवाले काका येतात, आमच्या एका छोटीच्या अधू पायाचा कॅलिपर नीट करायला. पट्टे बदलतात, सांध्याला तेल देतात, वाढत्या पायाप्रमाणे पट्टी लांब करतात. थोरली गेली पाच वर्षं त्यांच्या शेजारी बसून असते. आता पट्टा तीच कापते. परवा काका म्हणाले, “हिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे, छोटी हिच्या हातून रडत नाही.” कृत्रिम हात-पाय बनवायचं रीतसर शिक्षण असतं. बसच्या टप्प्यातल्या एकाच कॉलेजात आहे, तेही जेमतेम, दोन खोल्यांत.

यादी परत दिली. पाच नावं अजून आण म्हटलं.

१४ नोव्हेंबर

लिहू की नको. इथे लिहिते, दुसरं आहे कोण.

अधीक्षकबाईंनी ऑफिसात बोलावलं, दार लावून घेतलं. थोरलीच्या बहिणीसाठी, धाकटीसाठी जोडपं आलंय. दत्तक. कागदपत्रं पुढे सरकली आहेत, बालकल्याण समितीचा शिक्का तेवढा राहिलाय. ती नर्स, तो पूल बांधणाऱ्या कंपनीत. दोघंही चाळिशीचे. राहतात कुठे — रेल्वेने एक अख्खा दिवस लागतो अशा शहरात.

“आणि थोरली?” मी विचारलं.

“ती जूनमध्ये सज्ञान होते. तिचा प्रश्न समितीपुढे नाही.”

प्रश्नच नाही. बरं.

मग म्हणाल्या, “थोरलीला इतक्यात कळता कामा नये. धाकटीलाही सांगायचं नाही. मागच्या वेळचं आठवतंय ना?”

आठवतंय. दोन वर्षांपूर्वी एक जोडपं धाकटीला घेऊन गेलं, तेव्हा थोरली गाडीमागे चौकापर्यंत धावली होती. अनवाणी. अकरा आठवड्यांनी त्यांनी धाकटीला परत आणून सोडलं. अंथरूण ओलं करते म्हणे. सहा वर्षांच्या पोरीची तक्रार अशी सांगत होते, जशी दुकानदाराला सांगावी. त्यानंतर चार महिने धाकटी कोणाशी बोलली नाही. थोरलीशीसुद्धा.

बाईंना म्हटलं, “पण ती सगळी यादी धाकटीसाठी करतेय. धाकटी इथे राहणार म्हणून इथली कॉलेजं.”

“मग तिला लांबची लिहायला लावा. कारण सांगू नका.”

जणू काही दुधात साखर घालायला सांगितली.

१५ नोव्हेंबर

चादरींच्या खोलीत जाऊन रडून घेतलं. मग चादरी मोजल्या. एक कमी भरली, पुन्हा मोजल्या.

२१ नोव्हेंबर

त्या शहरातली कॉलेजं शोधली. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर, दुपारी मुली शाळेत असताना. हॉस्टेल असलेली तीन. त्यातल्या एकात हाता-पायांचा अभ्यासक्रम आहे, मोठी कार्यशाळा, फोटोत रांगेने टेबलं. जोडप्याच्या पत्त्यापासून ते किती लांब तेही बघितलं. चालत पंचवीस मिनिटं.

पंचवीस मिनिटं! दर रविवारी भेटता येईल. मला एवढं हलकं वाटलं की स्वयंपाकघरात जाऊन उगाच सगळ्यांशी गप्पा मारल्या.

संध्याकाळी थोरलीला तिन्ही नावं दिली. “तोल हवा यादीत,” म्हटलं. “थोडी जवळची, थोडी लांबची.” शाळेतल्या बाईंचाच शब्द — तोल. तिने कागद घेतला, घडी घातली, खिशात टाकला. बघितलासुद्धा नाही.

२८ नोव्हेंबर

ते दोघं आले होते. मुलींना सांगितलं की तपासणीला माणसं आलीत. थोरली शाळेत होती — वेळ मुद्दाम तशीच ठरवलेली.

नर्सबाई लाडे लाडे बोलत नाही, ते बरं वाटलं. धाकटीने विचारलं, “तुम्ही काय तपासता?” ती म्हणाली, “मी? मी लोकांचा ताप तपासते.” धाकटीने लगेच कपाळ पुढे केलं. नवरा कोपऱ्यात गुडघे जवळ घेऊन बसला होता, लहान मुलांच्या खुर्चीवर. चुळबुळ नाही, फोन नाही. जाताना एवढंच म्हणाला, “आम्ही मागच्या लोकांबद्दल वाचलंय.”

माणसं चांगली वाटतात. मागचीही वाटली होती.

८ डिसेंबर

आज स्फोट झाला. यादीत अजून चारच नावं. मी पुन्हा ती तीन पुढे केली.

“सगळी त्याच शहरातली का?” थोरलीने विचारलं.

“तिथे चांगली कॉलेजं आहेत.”

“चांगली कॉलेजं दुसरीकडे नाहीत? एवढ्या मोठ्या देशात तुम्हाला एकच शहर सापडलं?”

काय सांगू? म्हटलं, “हॉस्टेल लवकर उघडतं तिथलं.”

“खोटं बोलताय.” अगदी शांतपणे. “तुम्हाला माझी खाट रिकामी करून हवी आहे. सरळ सांगा ना.”

तेरा वर्षांत कोणी मला असं बोललं नव्हतं. ही पाच वर्षांची असताना मी हिला आंघोळ घातली आहे, केसांतल्या उवा काढल्या आहेत. ती आणि पुढे कधीतरी आलेली तिची तान्ही बहीण — दोघी माझ्याच हाताखाली वाढल्या. “तसं नाही गं,” एवढंच निघालं.

९ डिसेंबर

बोलत नाही.

११ डिसेंबर

अजून नाही. जेवताना ताट उचलून दुसऱ्या टोकाला जाते.

२२ डिसेंबर

अधीक्षकबाईंचे पाय धरायचे बाकी ठेवले. थोरलीला सांगू द्या, नाहीतर ती स्वतःला इथे खिळवून घेईल. धाकटी जाईल आणि ही त्या दोन खोल्यांच्या कॉलेजात, रोज आमच्या फाटकावरून जाणारी बस बघत बसेल.

बाई वाईट नाहीत. त्यांनी फाइल उघडून मला ओळ दाखवली. समितीने लिहिलंय: मोठ्या बहिणीच्या विरोधामुळे प्रक्रिया बारगळल्यास बालिकेस पुन्हा कुटुंब मिळणे अवघड. “आठ वर्षांची मुलगी कोण नेतं?” बाई म्हणाल्या. “तुम्ही सांगा. तेरा वर्षांत किती नेल्या?”

दोन.

“आणि तुम्ही सांगितलंत हे बाहेर आलं तर तुमची नोकरी मी वाचवू शकणार नाही.”

नोकरीचं मनात होतंच, नाही कशाला म्हणू. पण गप्प बसले ती त्या ‘दोन’मुळे.

३ जानेवारी

यादी शाळेत द्यायची शेवटची तारीख १५. नावं सहा. तिने दोन वाढवली — दोन्ही जवळची. एकाला हॉस्टेल नाही, मामाच्या घरी राहीन म्हणते. मामा कुठला? आजवर कोणी मामा फाटकाशी आलेला मी बघितला नाही.

माझंच घोडं अडलंय. हिच्याशी बोलायला तोंड उघडलं की आधी ते दुसरं बाहेर येईल अशी भीती वाटते. म्हणून रागावल्यासारखी वागते. तिला वाटतं मी खरंच रागावले आहे.

१४ जानेवारी

उद्या शेवटची तारीख. दुपारी ती आपणहून माझ्या खोलीत आली. जिन्याखालची ही खोली — उभं राहिलं की तिचं डोकं आता छताला लागतं. वाकून उभी होती.

कागद ठेवला. नऊ नावं. सहा जवळची. दोन मधल्या अंतराची, शाळेतल्या बाईंनी सुचवलेली. आणि नववं — त्या शहरातलं, मोठ्या कार्यशाळेचं.

“हे एक तुमच्यासाठी,” म्हणाली. “मी जाणार नाही. पण तुम्ही जेवत नाही आहात हल्ली.”

ती गेल्यावर कितीतरी वेळ कागद हातात धरून बसले. याला काय तोल म्हणायचं! पण एक नाव आहे. एक तरी आहे.

१९ फेब्रुवारी

सगळे अर्ज गेले. फोटोत ती हसलेली नाही. नऊही फोटोत.

१२ मार्च

समितीचा शिक्का झाला. धाकटीला २० मे रोजी न्यायला येणार. थोरलीला आदल्या दिवशी सांगायचं, असं ठरलंय. आदल्या दिवशी! माणसाला इंजेक्शन देतानासुद्धा जास्त वेळ देतात.

९ एप्रिल

उत्तरं यायला लागली. जवळच्या सहापैकी दोघांचा नकार, दोघांचं हॉस्टेल भरलं, मामावाल्याचं तर बोलायलाच नको. दोन खोल्यांच्या कॉलेजाने घेतलं, हॉस्टेलसकट. मधल्या दोघांनी प्रतीक्षेत ठेवलं.

आणि नवव्याने घेतलं. पहिल्या यादीत, चौथा क्रमांक. मी ऑफिसातल्या खुर्चीवर बसून तो क्रमांक चार वेळा वाचला.

थोरलीने एकदा बघितलं. कान लाल झाले. छोटीचा कॅलिपर धरताना होतात तसे. मग म्हणाली, “बरं झालं. आता नाही कळवून टाकते.”

“थांब थोडी. पंचवीस तारखेपर्यंत मुदत आहे.”

“कशासाठी थांबू?”

पंचवीस एप्रिल. आणि हिला सांगायचं १९ मे रोजी. त्याच्या चोवीस दिवस आधीच ते नाव हातचं गेलेलं असेल.

१३ एप्रिल

आजही ताट तसंच सारलं. मुलींना वाटतं मी आजारी आहे. धाकटीने कपाळाला हात लावून बघितला आणि गंभीर चेहऱ्याने सांगितलं, “ताप नाही. तपासलं.”

१७ एप्रिल

आज तीनदा तिच्या खाटेपर्यंत जाऊन परत आले.

२० एप्रिल

सांगितलं.

गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी काढायच्या होत्या. तिला हाक मारली. दोघींनी एका चादरीची टोकं धरली, आणि घडी घालता घालता मी सगळं बोलून टाकलं — जोडपं, शहर, वीस मे, पंचवीस मिनिटं. तिच्याकडे न बघता. बोलून झाल्यावर बघितलं तर ती चादरीचे कोपरे जुळवत होती.

“मला माहीत आहे,” म्हणाली.

“काय माहीत आहे?”

“सगळं. ते पहिल्यांदा आले त्याच रात्री धाकटीने सांगितलं. ताप तपासणाऱ्या बाई येतात आणि काका छोट्या खुर्चीवर बसतात. दुसऱ्या खेपेला त्यांनी तिला घराचा फोटो दाखवला. तिला कळत नाही होय? एकदा जाऊन आलेली आहे ती.”

हातातली टोकं सोडून मी गच्चीच्या कठड्यावर बसले. पाच महिने! पाच महिने मी एकटी जीव टांगणीला लावून फिरत होते, आणि ती माझ्यासमोर ताट घेऊन दुसऱ्या टोकाला जात होती.

“मग बोलली का नाहीस?”

“मी आरडाओरडा केला तर त्यांनी रद्द केलं असतं. आणि तुम्ही सांगितलंत असं वाटून तुम्हाला काढलं असतं.”

“अगं, मग तिथलं कॉलेज का सोडतेस? बहिणीजवळ राहशील!”

तेव्हा ती प्रथमच माझ्याकडे वळली. चादर दोन्ही हातांनी छातीशी धरलेली.

“मी तिथे गेले तर ती त्यांची होणारच नाही, मावशी. दर रविवारी माझी वाट बघत दारात बसेल. त्या बाईंनी किती केलं तरी. आणि परत पाठवलं तर? ते तिला तिथल्या हॉस्टेलवर आणून सोडणार नाहीत. इथेच आणून सोडणार, या फाटकाशी. तेव्हा मी बसने अर्ध्या तासात पोचले पाहिजे. शाळेतल्या बाई म्हणतात ना, एक नाव बसल्या जागचं हवंच. तिच्याकडे दुसरं कुठलं आहे?”

मी तिला तोल शिकवत होते.

उरलेल्या चादरी आम्ही काढल्या. अकरा.

२१ एप्रिल

अधीक्षकबाईंना जाऊन सांगितलं की मी बोलले. थोरलीला आधीच माहीत होतं हेही सांगितलं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. म्हणाल्या, “मी काही ऐकलं नाही. जा, नळाला पाणी आलंय.”

२५ एप्रिल

तिने नवव्याला नाही कळवलं. मी अडवलं नाही. दोन खोल्यांचं कॉलेज नक्की.

२० मे

धाकटी गेली.

थोरलीने तिची वेणी घातली, दप्तरात वही ठेवली, बुटाची नाडी बांधली. गाडीपर्यंत आली नाही. जिन्यातूनच म्हणाली, “जा. मी इथेच आहे.” धाकटीने मान हलवली, जशी शाळेत जाताना हलवते. नर्सबाईंनी गाडीचं दार लगेच लावलं नाही. थोरली येईल म्हणून वाट बघितली. मग लावलं.

थोरली या वेळी धावली नाही. आवाज चौकापलीकडे जाईपर्यंत जिन्याचा कठडा धरून उभी होती.

१६ जून

तिची खाट रिकामी झाली. हॉस्टेल आज उघडलं. बॅग, गादीची वळकटी, आणि पायवाल्या काकांनी दिलेली पट्टे कापायची कात्री. बसमध्ये बसवून आले. अर्धा तासच तर आहे, असं दोघींनी एकमेकींना तीन-चारदा सांगितलं.

सहाव्या खाटेवर नवी मुलगी आली आहे. रात्री झोपत नाही.

२८ जून

रविवार. जोडप्याने महिनाभर थांबून आज पहिला फोन ठरवला होता, ऑफिसच्या नंबरवर. थोरली सकाळच्या पहिल्या बसने आली. इस्त्रीचे कपडे. फोनजवळ तासभर आधीपासून बसली.

धाकटीचा आवाज मलाही ऐकू येत होता. शाळा, एक मांजर, दुसरी मांजर. थोरली नुसती “हं, हं” करत होती. मग तिकडे धाकटीने तोंड वळवलं असावं — लांबून ऐकू आलं, “आई, माझी दुसरी चप्पल कुठंय?” मग जवळून, “तायडे, थांब हं.” आणि गेली.

थोरली थांबली. मीही. भिंतीवरच्या घड्याळात चार मिनिटं गेली. शेवटी नर्सबाई आल्या, ओशाळून म्हणाल्या, “अहो, ती खाली पळाली खेळायला. बोलावू का?”

“नको,” थोरली म्हणाली. “खेळू द्या.”

फोन ठेवून ती पाणी प्यायली. पेला विसळून जागेवर ठेवला. जिन्यात बसून राहिली — किती वेळ ते मी बघितलं नाही, बघवलं नाही. दुपारी जेवायला हाक मारली तर निघून गेलेली. दोनची बस पकडली असेल.

३० जून

तिचा फोन लागत नाही.

१ जुलै

हॉस्टेलवर फोन केला. वॉर्डन म्हणाली, सोमवारी सकाळीच सामान घेऊन गेली. खोली सोडल्याचा कागद लिहून दिलाय. कुठे — लिहिलेलं नाही.

मी काय करून बसले! एका पोरीला आई मिळाली आणि दुसरीच्या हातातलं होतं नव्हतं ते गेलं. चार मिनिटं तिला फोन धरून बसवलं मी. हात पुढे करून काढून घ्यायला हवा होता.

२ जुलै

नाही.

३ जुलै

आज पाचवा दिवस. पायवाल्या काकांकडे जाऊन आले. बसथांब्यावर विचारलं. नर्सबाईंना कळवायचं की नाही यावर अधीक्षकबाई आणि मी तासभर बोललो. ठरलं नाही. पोलिसात उद्या सकाळी जायचं. फोटो शोधायला घेतला — तिच्या अर्जातलाच उरलेला होता, न हसलेला.

४ जुलै

निघता निघता फोन वाजला. थोरली. मागे रेल्वे स्टेशनचा गोंगाट.

“मावशी, धाकटी चप्पल शोधत खेळायला पळाली ना, तेव्हाच ठरवलं. दुसऱ्या फेरीत प्रवेश घेतला. हात-पाय बनवायचाच. हॉस्टेल मिळालं. दोन दिवस गाडीत, दोन दिवस रांगेत होते. फोनची बॅटरी संपली होती, आत्ता स्टेशनवर चार्ज केला.”

कॉलेजचं नाव सांगितलं. आमच्या नऊत नव्हतं. शहराचं नाव मी नकाशात शोधलं, बोट बरंच खाली न्यावं लागलं — आमच्यापासून लांब, धाकटीपासूनही लांब.

“अगं, तिथे तुझं कोण आहे?”

“कोणीच नाही,” ती म्हणाली. आणि हसत होती.